बीएसएनएलची व्हीआरएस: ऑप्शन भरल्यापासून ग्रॅच्युइटी जमा होईपर्यंत

जून २०२५मध्ये मला साठ पूर्ण झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांनी ग्रॅच्युइटी व कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात मिळणारी) रक्कम खात्यात आली. ३१ जानेवारी २०२०ला मी बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, पण कागदोपत्री ती नोकरी आत्ता कुठं सुटली. मधल्या काळात ओळखीपाळखीतून बरेच फोन आले. कुणाची बँक, कुणाचा कारखाना, कुणाची सरकारी कंपनी. सगळीकडं व्हीआरएसची कुजबुज सुरू असते आणि प्रश्न एकच असतो, ‘घ्यावी का?’ त्याचं उत्तर मी देत नाही. वय, सेवा आणि घरची परिस्थिती प्रत्येकाची वेगळी. पण काय काय घडतं, कशाला वेळ लागतो, कुठले कागद आधी काढून ठेवावेत, हे सांगता येतं. ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे फोनवर परत परत सांगायला नको.

मार्च १९८७ला मी टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा बीएसएनएल नव्हतं. दूरसंचार खातं होतं आणि टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असायचे. सांगली जिल्ह्यात कुठल्या गावात नवा फोन जोडायला गेलो की पेढा हातावर पडल्याशिवाय सुटका नसायची. पुढं परीक्षा देऊन मी टीटीए, म्हणजे टेलिकॉम टेक्निकल असिस्टंट, झालो, नंतर त्याच पदाचं नाव ज्युनिअर इंजिनिअर झालं. १ ऑक्टोबर २०००ला खात्याची कंपनी झाली. तेव्हाही आमच्याकडून ऑप्शन भरून घेतले होते: सरकारात राहणार की निगमात येणार. निगमात आलात तरी पेन्शन केंद्र सरकारच देईल अशी तरतूद पेन्शन नियमांत ३७-अ म्हणून घातली गेली आणि त्या भरवशावर बहुतेकांनी सह्या केल्या. आज माझ्या घरात जो पैसा येतो तो त्या सहीमुळं. त्यानंतर थेट कंपनीत भरती झालेल्या मुलांना ही सोय नाही, हे ध्यानात ठेवा, कारण व्हीआरएसचं गणित इथंच फिरतं.

चांगले दिवस आम्ही पाहिले. २००२च्या ऑक्टोबरात मोबाईल सेवा सुरू झाली, तेव्हा सिमकार्डासाठी लागलेली रांग ऑफिसच्या फाटकाबाहेर जायची. २००४-०५ला कंपनीचा नफा दहा हजार कोटींच्या वर होता. त्यानंतर पाच वर्षांत तोटा सुरू झाला. कारणं जगजाहीर आहेत. नव्या मोबाईल लाइनींचं मोठं टेंडर रद्द झालं. २०१०ला थ्रीजी आणि वायरलेस ब्रॉडबँडच्या लहरींसाठी, म्हणजे स्पेक्ट्रमसाठी, साडेअठरा हजार कोटी गेले. लँडलाइन घटत गेली, सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि आमच्याकडं फोरजीच्या लहरीच नव्हत्या. माणसं मात्र खात्याच्या जमान्यातली, दीड लाखाच्या वर. उत्पन्नातले सुमारे ७५ टक्के पगारावर जातात हा आकडा तेव्हा टीव्हीवर रोज दिसायचा. पाहुण्यारावळ्यांत गेलं की कुणीतरी तो ऐकवायचंच. आपण त्या ७५ टक्क्यांतले एक आहोत, एवढंच मनात यायचं.

मोठी कंपनी उतरणीला लागली की आतल्या माणसाला ती बातमीतून कळत नाही. आमच्या कस्टमर सर्व्हिस सेंटरात एक खिडकी होती. पूर्वी तिच्यावर नव्या फोनचे अर्ज घ्यायचे. पुढं त्याच खिडकीवर फोन बंद करायचे आणि डिपॉझिट परत मागायचे अर्ज यायला लागले. माणूस तोच, स्टूल तेच. एमडीएफवर, म्हणजे बाहेरची केबल एक्स्चेंजमध्ये जिथं येऊन चढते त्या मोठ्या चौकटीवर, एकेक जंपर, म्हणजे फोन जोडणारी तार, निघत गेली. कुणी रिटायर झालं की त्याचं टेबल भिंतीला लावून ठेवायचे, कारण बदली माणूस येत नव्हता. एवढं असूनही फॉल्ट काढायचं काम संपलेलं नव्हतं. ज्यांचे फोन होते ते चिकाटीचे लोक होते आणि तक्रारही चिकाटीनं करायचे.

२०१९ साल वाईट गेलं. फेब्रुवारीचा पगार देशभर सगळ्यांचाच मार्चच्या मध्यावर झाला, पेपरात मथळे आले. कंत्राटी कामगारांचे तर महिनोन्‌महिने अडकल्याच्या बातम्या होत्या. ऑगस्टात महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पलूस, भिलवडीकडचे रस्ते बंद. टॉवर चालू ठेवायला डिझेलचे कॅन होडीतून न्यायचे, बॅटरी सेट उचलून वरच्या मजल्यावर ठेवायचे, असे ते दिवस. त्यात माझ्यासोबत असलेल्यांपैकी बरेचसे पन्नाशीच्या पुढचे होते आणि तीन महिन्यांनी तेच सगळे व्हीआरएसच्या यादीत होते. ती यादी पाहताना मला आधी तो पूर आठवला.

२३ ऑक्टोबर २०१९, बुधवार. दिवाळी चार दिवसांवर. केंद्रीय मंत्रिमंडळानं जवळजवळ ६९ हजार कोटींचं पॅकेज मंजूर केल्याची बातमी संध्याकाळी आली. त्यात फोरजीच्या लहरी, एमटीएनएलचं विलीनीकरण, जमिनींतून पैसा उभा करणं आणि व्हीआरएस होती. ४ नोव्हेंबरला योजना खुली झाली, मुदत ३ डिसेंबरपर्यंत. पन्नास किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही अर्ज करता येणार होता आणि सगळ्यांचा शेवटचा दिवस एकच, ३१ जानेवारी २०२०. त्या नोव्हेंबरात अख्खा महाराष्ट्र मुख्यमंत्री कोण होणार याच्या चर्चेत बुडालेला. आमच्या एक्स्चेंजमध्ये मात्र एकाही माणसाला त्यात रस नव्हता. सकाळी भेटलं की एकच, “काय सायब, भरला का ऑप्शन?”

आता गणित. सानुग्रह रक्कम, आम्ही एक्सग्रेशिया म्हणायचो, ती अशी होती: झालेल्या सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. पगार म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, घरभाडं धरायचं नाही. माझी सेवा ३२ वर्षं पूर्ण, शिल्लक ५. म्हणजे ११२० अधिक १२५, एकूण १२४५ दिवस, म्हणजे साडेएक्केचाळीस महिन्यांचा पगार. माझं मूळ वेतन २७ हजार आणि भत्त्यासकट साधारण ६९ हजार, तेव्हा रक्कम २८ लाखांच्या वर जात होती. शिवाय फेब्रुवारीपासून पेन्शन, मूळ वेतनाच्या निम्मं अधिक त्यावरचा महागाई भत्ता, म्हणजे ३४-३५ हजार.

पण त्यात एक अट होती जी कँटीनमधल्या चर्चेत कुणी सांगत नव्हतं. सानुग्रह आणि उरलेल्या काळातलं पेन्शन, दोन्ही मिळून त्या काळात जेवढा पगार मिळाला असता त्याच्या १२५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ज्याची दोनच वर्षं उरलीत त्याचा हिशेब करा: २४ महिन्यांचा पगार, त्याचे १२५ टक्के म्हणजे ३० महिने, त्यातून पेन्शनचे १२ महिन्यांएवढे वजा. हातात १८ महिन्यांचा पगार. त्याची सेवा ३६ वर्षं असली तरी तेवढाच. आमच्यातले एक लाईनमन मामा ५८चे होते. ते ३६ वर्षं गुणिले ३५ करून खूश होते. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तरीबी जातो सायब. गुडघं गेल्यात, खांबावर चढवत न्हाई.” हेही कारणच आहे, आणि कुठल्याही एक्सेल शीटमध्ये त्याला रकाना नसतो. तुमच्या कंपनीचं सूत्र निराळं असेल, पण योजनेचा मूळ मसुदा स्वतः वाचा आणि कमाल मर्यादेचं कलम शोधा. ते बहुतेक वेळा मधल्या पानावर असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे लांबणीवर टाकलेले पैसे. माझ्या वयोगटाला, म्हणजे ५५च्या आतल्यांना, ग्रॅच्युइटी साठ पूर्ण झाल्यावर मिळणार होती. कम्युटेशनही तेव्हाच. म्हणजे हातात येणारी एकरकमी रक्कम सानुग्रह, रजेचे पैसे आणि जीपीएफ एवढीच. मुलाचं इंजिनिअरिंग संपायला दीड वर्ष होतं, त्याच्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलेलं होतं. ग्रॅच्युइटी धरून घरचं बजेट केलं असतं तर पाच वर्षं तोंडावर पडलो असतो.

अफवांना तर ऊत आला होता. निवृत्तीचं वय ५८ करणार. जे राहतील त्यांची बदली आसामला. जे राहतील त्यांना पगार नाही. युनियनवाले म्हणत होते घाई करू नका, आणि संध्याकाळी पदाधिकाऱ्यांपैकीच कुणी भरल्याचं कानावर यायचं. पहिल्या आठवड्यातच हजारोंनी अर्ज केले. मला त्या आकड्याचीच जास्त भीती वाटायची. सगळे निघाले म्हणून आपण निघायचं का, आणि सगळे गेल्यावर मागं राहून करायचं काय, दोन्ही विचार रात्री आळीपाळीनं यायचे.

घरी हिला सगळा हिशेब दाखवला. तिनं तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, “अहो, पण तुम्ही दिवसभर काय करणार?” मी म्हटलं, अगं, आधी पैशाचं बघू. ती म्हणाली, “पैशाचं झालंय की तुमचं. कागदावर आलंय. हे नाही आलेलं.” याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं. तरी आम्ही दोघांनी मिळून एक साधी गोष्ट केली: पुढच्या महिनाभराचा खर्च ३४ हजारांत भागवून बघायचा, व्हीआरएस घेतल्यासारखा. भागला, पण ओढाताणीनं. कर्जाचा हप्ता त्यात बसत नव्हता, तो सानुग्रहाच्या व्याजातून काढायचा ठरलं. हा प्रयोग मी प्रत्येकाला सांगतो. फॉर्म भरण्याआधी एक महिना नव्या उत्पन्नात जगून पाहा.

ऑप्शन ऑनलाइन होता, कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या ईएसएस पोर्टलवर, आपल्या एचआर नंबरनं आत जाऊन. मुदत संपेपर्यंत मागेही घेता येत होता. मी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरला. बटण दाबलं, ओटीपी टाकला आणि बत्तीस वर्षांचा निर्णय झाला. प्रिंट काढली, त्यावर तारीख घातली, एक प्रत ऑफिसात दिली, एक घरी ठेवली. त्यानंतर मागे घ्यायची मुदत संपेपर्यंतचे दिवस फार वाईट. रोज सकाळी वाटायचं काढून घ्यावा, रोज संध्याकाळी वाटायचं बरं झालं भरला. ३ डिसेंबर उलटल्यावर मला पहिल्यांदा नीट झोप लागली. शेवटी बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक आणि एमटीएनएलमधून १४ हजारांच्या वर लोकांनी अर्ज केले होते.

डिसेंबर आणि जानेवारी कागदांत गेले. एवढ्या लोकांची पेन्शन प्रकरणं एकाच तारखेला तयार करायची म्हणजे अकाउंट्सच्या लोकांची परीक्षाच होती, आणि त्यांतले निम्मे स्वतःच जाणार होते. आमच्याकडं शिबिर लावून कागद घेतले. कुटुंबाचा तपशील, नॉमिनेशन, नवरा-बायकोचा एकत्र फोटो, ओळखखुणा, पॅन, आधार, रद्द केलेला चेक. पैसे किरकोळ लागतात, फोटो आणि झेरॉक्सचे. वेळ कुठं जातो सांगतो: नावात. सर्व्हिस बुकात १९९३ला मी बायकोचं जे नाव लिहिलं ते माहेरचं, आधारवर सासरचं. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळं माझ्यासारखे कैक निघाले. विवाह नोंदणीचा दाखला काढायला महानगरपालिकेत, शंभराचा स्टँप घेऊन प्रतिज्ञापत्राला नोटरीकडं, मग ते सर्व्हिस बुकात लावून सही-शिक्क्यानिशी नोंद. फॅमिली पेन्शन त्या नोंदीवर अवलंबून असतं, त्यामुळं ‘नंतर बघू’ म्हणायची ही जागा नाही. तुमची कंपनी आज ठणठणीत असली तरी बायकोचं नाव, जन्मतारीख आणि नॉमिनी एवढं सर्व्हिस बुकात एकदा डोळ्यानं पाहून घ्या.

बँक खात्याचीही एक गोष्ट. आमचं पेन्शन ‘संपन्न’ या दूरसंचार विभागाच्या प्रणालीतून थेट खात्यात येतं, बँकेच्या पेन्शन शाखेचा संबंध नाही. हे माझ्या बँकेतल्या काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडं पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, बँकेची प्रत मागत राहिला, मी नाही म्हणत राहिलो. शेवटी दूरसंचार विभागाच्या सीसीए (लेखा नियंत्रक) कार्यालयाचं पत्रक छापून नेलं तेव्हा मिटलं. पेन्शनचं खातं पत्नीबरोबर संयुक्त असू द्या, ‘दोघांपैकी कुणीही’ प्रकारचं.

या सगळ्यात जे काम कुठल्याही फॉर्ममध्ये नव्हतं ते मला सगळ्यात अवघड गेलं. जमिनीखालची केबल. कुठला रस्ता, कुठला पिलर, जॉइंट कुठं पुरलाय. नकाशे होते, पण रस्ते तीनदा रुंद झालेले, झाडं गेलेली, नकाशातला ‘वडापासून १२ मीटर’ मधला वडच नाही. खरी माहिती लाईनमन आणि जॉइंटर मंडळींच्या डोक्यात. माझ्या जागी जो ज्युनिअर इंजिनिअर येणार होता तो तिशीतला, कंपनीच्या भरतीतला. त्याला घेऊन मी आणि ते लाईनमन मामा जानेवारीतले कितीतरी दिवस फिरलो. मामा पायानं जमीन दाबून सांगायचे, “हितं.” तो मुलगा मोबाईलवर लोकेशन टाकायचा, फोटो काढायचा. एके ठिकाणी मामा म्हणाले हितं शंभर जोडीचा जॉइंट आहे, पावसात पाणी धरतो. मुलानं विचारलं, हे कुठं लिहिलंय का? मामा हसले. त्यानं त्या दिवशी रात्री बसून सगळं एका शीटमध्ये घातलं आणि मला पाठवलं, तपासून द्या म्हणून. त्याला व्हीआरएस लागू नव्हती, ३७-अचं पेन्शन नव्हतं, आणि चार माणसांचं काम त्याच्या एकट्यावर येणार होतं. तरी तो चिडचिड न करता ‘सर, हे कुठलं?’ विचारत राहिला. मला त्याच्यापुढं थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. आमच्यासोबत वर्षानुवर्षं खड्डे खणणारे कंत्राटी गडी होते, त्यांच्यासाठी तर ऑप्शनच नव्हता. त्यांतला एक आता रिक्षा चालवतो, एकाचं रसवंतीगृह आहे, बाकीच्यांचं माहीत नाही.

३१ जानेवारीला शुक्रवार होता. एरवी कुणी रिटायर झालं की वर्गणी निघते, हार, नारळ, शाल, जेवण आणि भाषणं. इथं वर्गणी काढायची कुणी? निरोप देणारेच निरोप घेणार होते. मागं राहणाऱ्या मोजक्या लोकांनी मांडव घातला, गुलाबाची फुलं आणली आणि रांगेनं सगळ्यांच्या हातात दिली. भाषणं लांबली नाहीत, कारण बोलायचं कुणाकडं बघून? ओळखपत्र, चाव्या, टूल किट, मीटर जमा केले. नो-ड्यूजवर सह्या आधीच घेतल्या होत्या. ओळखपत्र, किट आणि मीटर जमा केल्याची पोच मी लेखी घेतली. तुम्हीही घ्या, विशेषतः क्वार्टरमध्ये राहत असाल तर. संध्याकाळी मी मोटारसायकलवरून घरी आलो. हिनं केलेला शिरा खाल्ला. दुसऱ्या दिवशी बजेट होतं, ते टीव्हीवर सगळं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग मात्र सकाळी दहाला पाय वळवळायला लागले. मार्चअखेर लॉकडाऊन लागला आणि अख्खं गावच घरी बसलं, तेव्हा माझं एकट्याचं रिकामपण उठून दिसायचं थांबलं. उलट त्याच दिवसांत घरून काम करणाऱ्यांना ब्रॉडबँड हवं झालं, आणि त्या ज्युनिअर इंजिनिअरचे मला रोज फोन. शीटमध्ये नसलेले जॉइंट मी फोनवर सांगायचो. मास्क लावून दोनदा जाऊनही आलो, हिच्या नकळत. तिला कळलंच.

पैशाबद्दल थोडं सविस्तर. सानुग्रह दोन हप्त्यांत होतं, निम्मं २०१९-२० या आर्थिक वर्षात, निम्मं पुढच्या. व्हीआरएसच्या रकमेवर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १०(१०सी)खाली ५ लाखांपर्यंत करमाफी मिळायची, पण ती आयुष्यात एकदाच आणि एकाच वर्षात घेता यायची. आणि ती घेतली की त्याच रकमेवर कलम ८९ची (एकदम हातात आलेल्या पगारावरच्या करातली) सवलत मागता येत नसे. दोन्ही करून बघून जे फायद्याचं ते घ्यावं. मी पहिल्या वर्षात १०(१०सी) घेतलं. सीएची फी दीड हजार झाली. एवढ्यासाठी कंजूषपणा करू नका. आमच्यातले काही जण स्वतः रिटर्न भरायला गेले आणि नंतर नोटिशीला उत्तरं देत बसले.

दुसरं, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. साठच्या आधी व्हीआरएस घेतलेल्यालाही तीत पैसे ठेवता येतात, पण वय ५५ पूर्ण हवं आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ठरावीक मुदतीत खातं उघडावं लागतं. तेव्हा ती मुदत एक महिना होती, आता तीन महिने आहे. पहिला हप्ता आला तेव्हा मी ५४चा, त्यामुळं तो पैसा नेहमीच्या मुदत ठेवीत गेला. दुसरा हप्ता आला तोवर ५५ पूर्ण झाली होती. लगेच रक्कम जमा झाल्याचा पुरावा घेऊन पोस्टात गेलो आणि खातं उघडलं. तोपर्यंत व्याजदर ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आला होता, पण मुदत ठेवीपेक्षा बराच. ज्यांचं वय ५५च्या आसपास आहे त्यांनी ही तारीख डोक्यात पक्की ठेवावी.

आणि एजंट. ३१ जानेवारीची यादी बाजारात कशी पोचते देव जाणे. विमा, प्लॉट, सोन्याची भिशी, भाच्याच्या सासऱ्याची पतसंस्था. एक गृहस्थ तर ‘तुमच्यासारख्या जबाबदार माणसासाठी’ असं म्हणत दुपारी दोनला आले आणि चहा दोनदा घेऊन गेले. आम्ही घरात नियम केला होता: पहिलं वर्षभर बँक आणि पोस्ट सोडून कुठंही एक रुपया नाही. नाही म्हणायला तो नियम फार उपयोगी पडला. दोष हिच्यावर ढकलता यायचा.

वैद्यकीय कार्ड मात्र निवृत्तीच्या आधीच नूतनीकरण करून घ्यावं. आम्हाला कंपनीची वैद्यकीय योजना किंवा सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, यांतलं एक निवडता येत होतं. सीजीएचएसचा दवाखाना घराजवळ असेल तर विचार करा, नाहीतर कार्ड पाकिटात राहतं आणि आपण खासगीत.

पुढची पाच वर्षं प्रक्रियेच्या दृष्टीनं शांत गेली. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, बस. तो ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन सोयीवर भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडू नका, संपन्न निवडा. आमच्या ओळखीत एकानं बँक निवडली आणि दोन महिने पेन्शन का आलं नाही म्हणून बँकेशी भांडत होता. मी दुपारी दोन तास एका शाळेच्या प्रयोगशाळेत जुनी उपकरणं दुरुस्त करून देतो, पैसे घेत नाही, चहा घेतो. हिच्या त्या प्रश्नाचं उत्तर अर्धंमुर्धं तिथं सापडलं.

साठ जवळ आली तशी पुन्हा फाइल काढली. ग्रॅच्युइटी २०२०च्या पगारावर मोजलेली, साधारण ११ लाख. कम्युटेशनचा हिशेब असा: मूळ पेन्शन १३,५००, त्याचे ४० टक्के म्हणजे ५,४००. त्याला बारानं आणि मग वयानुसारच्या ८.१९४ या गुणकानं गुणायचं, ५ लाख ३१ हजारांच्या आसपास येतात. त्या बदल्यात पंधरा वर्षं दरमहा ५,४०० कमी. महागाई भत्ता मात्र पूर्ण १३,५००वरच मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हिशेब केला तर हे नऊएक टक्क्यांनी कर्ज घेतल्यासारखं पडतं. मुलाच्या शैक्षणिक कर्जाचा शिल्लक भाग साडेदहा टक्क्यांचा होता, म्हणून मी पूर्ण ४० टक्के घेतले आणि ते कर्ज बंद केलं. डोक्यावर कर्ज नसतं तर घेतलं नसतं. कमीही घेता येतं, ४० ही कमाल आहे.

पंधरा वर्षांनी, २०४०ला, पेन्शन पूर्ववत होईल. ती तारीख पीपीओच्या झेरॉक्सवर लाल शाईनं लिहून ठेवलीय आणि फाइल कपाटात कुठं आहे ते हिला आणि मुलाला दाखवलंय. फाइलमध्ये सगळ्यात वर काय काय आहे ते सांगतो: पीपीओ, व्हीआरएस मंजुरीचं पत्र, सर्व्हिस बुकातल्या नावाच्या नोंदीची प्रत, वैद्यकीय कार्ड, पोस्टाचं पासबुक, आणि संपन्नचा लॉगिन एका बंद पाकिटात. त्या लॉगिनला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडू देऊ नका. ओटीपी त्याच्यावरच येतो. माझा अजून बीएसएनएलचाच आहे, आणि सप्टेंबर २०२५ला देशभर स्वदेशी फोरजी सुरू झाल्याची घोषणा झाली तेव्हा त्या ज्युनिअर इंजिनिअरनं फोन करून सांगितलं, सर, सिम बदलून घ्या. जुनं चालणार नाही. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन बदललं. खिडकी तीच होती.